उजव्या सीटचं वजन

दाजी, विमानाला पंखा बसला. दोन पाती, काळा रंग, टोकांना पिवळे पट्टे. इंजिनिअरनं तो बसवला तेव्हा तुम्ही हैदराबादच्या दवाखान्यात होतात. मी फोटो पाठवला. ताईच्या हातून तुमचं उत्तर आलं, "पात्यांचा पीळ मोजून घेतला का?" घेतला होता. फोटोबद्दल चांगला-वाईट एक शब्द नाही, विचारलं ते मापच. माणूस अजून शाबूत आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

तुमच्यावर दोन शब्द लिहून दे म्हणून नांदेडहून तुमच्या मित्रांचे फोन येतात. सबमर्सिबल पंपांचं दुकान कसं उभं केलंत, मठाच्या बोअरला मोटर कशी फुकट बसवून दिलीत, हे त्यांनी लिहावं. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. ते अर्ध्यात टाकून जाण्याचा तुमचा स्वभाव नव्हता.

भांडण साधं होतं. आपलं विमान जुनं. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबकडून घेतलेलं, चार सीटचं, एका इंजिनाचं. अर्धं तुमचं, अर्धं माझं. हँगरची सोय लातूरला झाली म्हणून मुक्काम माझ्याकडे. विमान कसंही असो, उन्हाळ्यात त्याला चढ सोसत नव्हता. लातूर समुद्रापासून दोन हजार फूट उंच, त्यात मे महिन्यातली दुपार. हवा इतकी विरळ होते की पंखाला धरायला काही उरत नाही. आपण दोघं असलो तर कुरकुरत चढायचं. चौघं असलो तर देवाचं नाव.

हे आपल्याला पुस्तकातून माहीत होतं. अंगावर आलं ते माझ्या पुतणीच्या लग्नानंतर. तुम्ही, ताई, मी आणि माझी बायको असे चौघं नांदेडला निघालो होतो. सकाळी मी सगळ्यांना माझ्या डाळमिलच्या काट्यावर उभं करून वजनं घेतली, इंधन मोजून भरलं, हिशोब मर्यादेच्या आत बसला. मग आपण निरोपाला घरी गेलो, आणि तिथे ओट्या भरल्या गेल्या. ताईची भरली, माझ्या बायकोची भरली. खण, नारळ, तांदूळ, त्यावर आहेराची पितळी घागर, तिच्यात लाडू, वर गुळाची अख्खी ढेप. मी इंजिनाचं तेल बघत होतो तेव्हा ते सगळं मागच्या सीटखाली आणि पायांत गेलं.

धावपट्टी संपली तेव्हा आपण जेमतेम वर होतो. समोरच्या बाभळी मला अजून दिसतात. त्यांचा शेंडा नव्हे, मधल्या फांद्या. दांडा तुमच्या हातात होता. तुम्ही नाक वर ओढलं नाहीत. ओढलं असतं तर पडलो असतो. तुम्ही ते तसंच सपाट धरलंत, वेग येऊ दिलात, आणि बाभळींच्या वरून आपण कसेबसे गेलो. मागे एक नारळ गडगडत गेला तो आवाज मला इंजिनापेक्षा मोठा वाटला.

नांदेडला उतरल्यावर मी सामान काढून काढून बाहेर ठेवलं. माझा आवाज चढला होता. "ताई, हे कुठं लिहिलं होतं? हे मला का सांगितलं न्हाई?"

ताई म्हणाली, "बसू, ओटीचं वजन कुणी करतं का रे?"

कुणीच करत नाही. आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. तुम्ही घागर हातात घेतलीत, वर-खाली तोललीत आणि म्हणालात, "आपल्याला सासरच्या लोकांनी मारायचं ठरवलं होतं, पर लाडू चांगले होते."

हसून झालं, पण घरी गेल्यावर तुम्ही मागच्या अंगणात एकटेच बसला होतात. मांडीवर ती घागर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. ते मी पाहिलं आणि तुम्ही पाहिलंत की मी पाहिलं. त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. एक, विमानात बसणारा माणूस आणि वस्तू काट्यावर गेल्याशिवाय आत जाणार नाही; त्यात लहान-मोठा, पाहुणा-सोयरा कुणी सुटणार नाही. दोन, या विमानाला चढायला शिकवायचं.

कसं, यावर आपलं भांडण लागलं. इंजिन आणि पंखा दोन्हीला पुरेल इतका पैसा नव्हता, एकच काम होणार होतं. मी गिरणीवाला. गिरणी ओढत नसेल तर आम्ही मोठी मोटर बसवतो. माझं म्हणणं होतं की जास्त ताकदीचं इंजिन घालावं. खर्चिक, पण एकदाचं काम. तुम्ही पंपवाले. तुमच्या दुकानात शेतकरी यायचा आणि म्हणायचा, पाणी वर येत न्हाई, मोठी मोटर द्या. तुम्ही त्याला आतलं चाक बदलून द्यायचात आणि त्याच मोटरवर पाणी वर यायचं. म्हणून तुम्हाला इंजिन तेच ठेवून कमी पिळाचा पंखा हवा होता. वेग थोडा जाईल, चढ मिळेल. घाटात गाडी खालच्या गिअरवर टाकतो तसं.

पंखा विकणाऱ्याच्या माहितीत चढ मिनिटाला शंभर फुटांनी वाढतो असं लिहिलं होतं. मी चाळीस धरले.

"चाळीस कुठून काढलेस?"

"कडता कापला."

आमच्या आडतीत मालाच्या वजनातून पोत्याचा आणि मातीकचऱ्याचा म्हणून जो ठरावीक भाग वजा करतात त्याला कडता म्हणतात. विकणाऱ्याच्या तोंडच्या कुठल्याही आकड्यातून मी तो आपोआप वजा करतो.

"शंभरातून साठ? हा कडता हाय का दरोडा?" तुम्ही म्हणालात. "तू तर महाराजांच्या आशीर्वादातूनबी कडता कापशील."

"इंजिनाच्या आकड्यातूनबी कापलाय. तरी इंजिन पुढं हाय."

"इंजिन यायला किती लागंल?"

"मागवायचं, परवानग्या काढायच्या, बसवायचं. वर्ष. सव्वा वर्ष."

"आन् पंखा?"

"तीन-चार म्हयने."

तेव्हा तुम्ही विकणाऱ्याचा कागद घडी करून खिशात ठेवलात. मला वाटलं, मी जिंकत आलो.

मग तुमच्या पोटातल्या दुखण्याला नाव मिळालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तुमचं उडवायचं मेडिकल रद्द झालं. डावी, चालवणाऱ्याची सीट माझ्याकडे आली, तुम्ही उजव्या सीटवर. तक्रार केली नाहीत. फक्त मी उतरताना जरा उंच आलो की तुमचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा, सासऱ्याच्या गाडीत बसलेल्या जावयासारखा.

काट्याचा नियम मात्र आपणच केलेला होता. प्रत्येक उड्डाणाआधी तुम्ही मिलमध्ये यायचात, तुरीच्या पोत्यांच्या रांगेतून चालत जायचात, चपला काढायचात आणि काट्यावर उभे राहायचात. आधी एक्क्याण्णव होतात. मग चौऱ्याऐंशी. मग सत्त्याहत्तर. मी आकडा वाचायचो आणि लिहायचो, कारण न लिहिता चालणार नव्हतं. तो आकडा चुकला तर विमान चुकतं. आमचा काटेवाला नागनाथ दिवसभर दुसऱ्यांची वजनं मोठ्यानं ओरडतो. तुम्ही उभे राहिलात की तो पाणी प्यायला जायचा.

एकदा मी म्हणालो, "दाजी, ऱ्हाऊ द्या. मागचंच धरतो."

तुम्ही चिडलात. आजारात माझ्यावर चिडलात ते तेवढंच. "का? मी काय ओटी हाय का? लिही."

मी लिहिलं. एकोणसत्तर.

आणि मग काट्यावरून उतरता उतरता तुम्ही ते बोललात जे मला आजही गिळता येत नाही. "इंजिन नको, पंखा नको. मीच दर म्हयन्याला घटून राहिलो, बसू. फुकटात चढ वाढला तुझा."

पाणी पिऊन परतलेला नागनाथ हसला, कारण तुम्ही हसत होतात. मी हसलो नाही. पण आकडेमोड माझ्या डोक्यात आपोआप झाली, दाजी. ती थांबवता येत नाही मला. बावीस किलो कमी म्हणजे मिनिटाला किती फूट जास्त, ते मला तुमची चप्पल पायात जाईपर्यंत कळलं होतं. स्वतःची किळस आली.

तरी मी इंजिनावर अडून राहिलो. आता सगळे म्हणतील की बसवराजला कळलं नाही. दुखण्याला नाव मिळालं त्या दिवसापासून मला कळलं होतं. इंजिन वर्षानं येणार होतं. मी इंजिन मागवू म्हणत होतो तोवर तुम्ही वर्षानं असणार होतात. पंख्याला हो म्हणालो असतो तर ते कशाला हो म्हणणं झालं असतं, हे तुम्हालाही माहीत होतं. म्हणून तुम्ही फूट आणि पीळ बोलायचात, मी ताकद आणि इंधन बोलायचो. तासन्‌तास. ताई चहा ठेवून जायची आणि म्हणायची, "एवढं भांडण आम्ही जावाजावांत केलं न्हाई." तिला वाटायचं आपण विमानाबद्दल बोलतोय.

शेवटी तुम्हीच मला सोडवलंत. दवाखान्याच्या आवारात, बाकड्यावर, हातात नारळपाणी धरून. "बसू, इंजिन पुढं घेऊच. ते काय पळून जात न्हाई. आधी पंखा लावून माझी हौस फिटव. शंभर न्हाई मिळाले तर माझी मिशी काढ."

मिशी तेव्हा राहिली नव्हती. औषधानं गेली होती. आपण दोघं त्यावर हसलो. मी म्हणालो, "ठीक हाय, मागवतो." एवढंच बोललो. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि काढलात. एवढंच झालं. त्याहून जास्त आपण कधी काही बोललो नाही, आणि आता बोलायचं म्हटलं तर हे असं लिहावं लागतं.

पंखा यायच्या आधी जुन्या पंख्यावर चाचणी झालीच पाहिजे, हा आग्रह माझा. नाहीतर तुम्ही उद्या शंभर झाले म्हणाल आणि मी चाळीस म्हणेन. मे महिन्यात ती केली. मी अठ्ठ्याहत्तर, तुम्ही त्रेसष्ट, टाक्या भरलेल्या, बाहेर एक्केचाळीस अंश. तीन हजार फुटांपासून पाच हजारांपर्यंत चढायचं आणि घड्याळ लावायचं. घड्याळ तुमच्याकडे होतं. तुमची बोटं बटणावर नीट बसत नव्हती म्हणून तुम्ही ते दोन्ही हातांनी धरलं होतं. मिनिटाला तीनशे नव्वद फूट आले. वरती जरा गार होतं. मांजरा नदीचं धरण खाली थाळीतल्या उरलेल्या कढीसारखं दिसत होतं. तुम्ही काच किंचित उघडलीत आणि डोळे मिटून वारा घेतलात.

चाळिशी ओलांडल्यावर मला तुम्हीच या सीटवर बसवलं होतं. नाहीतर मी आयुष्यभर मिलच्या पत्र्याखालून वर बघितलं नसतं. आभार मानायचे राहिले. नात्यात कुणी मानतं का, असं वाटत राहिलं.

त्या दिवशी खाली आल्यावर तुम्ही अट घातलीत. "पंखा बसला की पुन्हा असंच करायचं. वजन तेच, इंधन तेच. माझे शंभर, तुझे चाळीस. ज्याच्या आकड्याजवळ येईल तो जिंकला. हरणाऱ्यानं जेवण घालायचं."

"साधं?"

"साधं न्हाई. पंगत. गाव बोलवायचं."

मी म्हणालो, "दुकान विकावं लागंल तुम्हाला."

पंखा बसला आणि आठवड्याच्या आत तुम्ही गेलात.

तुम्हाला मातीत बसवताना मी खड्ड्यात उतरलो होतो. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. स्वामींचा मंत्र चालू होता. मान पुढे कलू नये म्हणून खांद्यावरून कापड घेऊन मागे धरायचं असतं. ते मी धरलं होतं. उजव्या सीटवर बसल्यावर शेवटच्या महिन्यांत तुम्हाला स्वतःचा पट्टा ओढता येत नव्हता, तेव्हा मी असाच वाकून, असाच खांद्यावरून ओढून तो लावायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "आवळ की जरा." खाली ते ऐकू येईल असं मला वाटलं. वरून भस्माच्या आणि मिठाच्या ओंजळी पडायला लागल्या तेव्हा मला हात धरून वर काढलं.

आपल्यात सुतक पाळत नाहीत, पण तुमच्या नावानं होणाऱ्या शिवगणाराधनेच्या जेवणापर्यंत मी हँगरकडे फिरकलो नसतो. ताईचा फोन आला. आचाऱ्यानं सामानाची यादी दिली होती. म्हणाली, "डाळ तुझ्या मिलची आण. त्यांना दुसरी चालायची न्हाई."

"किती?"

"साठ-पासष्ट किलो म्हणून राहिला आचारी."

मी फोन ठेवला आणि वजनांची वही उघडून मे महिन्याचं पान काढलं. मग नागनाथला म्हणालो, "तूरडाळ. फटका, पहिल्या नंबरची. त्रेसष्ट किलो. पोत्यासकट त्रेसष्ट."

"कडता किती धरू, मालक?"

"कडता न्हाई."

तो थोडी थोडी डाळ ओतत गेला. एकसष्ट. बासष्ट. शेवटी मुठीनं टाकत गेला आणि काटा त्रेसष्टावर येऊन थांबला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं असावं. आकडा ओरडायची त्याची सवय आहे. तो पाणी प्यायला गेला. मग मी स्वतः चढलो. शहात्तर. मे महिन्यात अठ्ठ्याहत्तर होतो. दोन किलो हरभरे पिशवीत घालून मी माझ्या सीटखाली ठेवले. चाचणी म्हणजे चाचणी.

पोतं उजव्या सीटवर ठेवलं. तिकडच्या दांड्याला लागू नये म्हणून सीट मागे सरकवली. पट्टा लावला, खांद्यावरचाही. दोनदा आवळला.

धावपट्टीवरून ते लवकर सुटलं, दाजी. हे मला मान्य करावं लागेल. बाभळी खाली गेल्या त्या शेंड्यांसकट. तीन हजारांवर मी घड्याळ लावलं आणि पाच हजारांपर्यंत उजवीकडे बघितलं नाही. मिनिटाला चारशे ऐंशी आले. म्हणजे नव्वदनं वाढ. तुम्ही तिथं असता तर सीटवर उडी मारली असतीत.

पण हवा मे महिन्याची नव्हती. ऑक्टोबरची दुपार, चौतीस अंश. सात अंश गारव्याचा वाटा वजा केलाच पाहिजे. तुम्हीसुद्धा तो नाही म्हणाला नसतात. तो मी वरच, नांदेडकडे वळता वळता काढला. पस्तीस. तो आकडा वजा करायला मला फार जड गेलं. नव्वदातून पस्तीस गेले की पंचावन्न उरतात. पंचावन्न चाळीसच्या जवळ आहे. मी हिशोब पुन्हा केला. उलटा करून पाहिला. इंधनाचा हिशोब तपासला. कुठेतरी तुम्हाला पंधरा-वीस फूट देता येतात का ते बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी बाजूनं आकडा शोधत होतो. मिळाला नाही.

लोह्याच्या पुढे गोदावरी दिसायला लागली तेव्हा उंची जास्त ठेवून उतरत आलो. कुणाचाही पाय फरशीवर दाबला गेला नाही.

ताई गाडी घेऊन आली होती. दार उघडलं आणि तिनं ते बघितलं. पट्ट्यात बांधलेलं पोतं.

"हे काय रे बसू?"

"दाजींचं वजन. मे महिन्यातलं. चाचणी राह्यली होती."

तिनं पोत्यावर हात ठेवला. दाबून बघितलं, आत डाळच आहे ना असं. मग म्हणाली, "धान्यतुला जिवंत माणसाची करतात, येड्या."

मी पट्ट्याकडे हात नेला. तिनं वाट बघितली नाही. पट्टा तिला उघडता येत होता. तुमचा तिनं किती वेळा उघडला असेल. खटका दाबला, खांद्यावरचा बाजूला केला आणि म्हणाली, "धर त्या बाजूनं. आचारी खोळंबलाय."

मठाच्या पटांगणात पंगती बसल्या. नांदेडचं अर्धं मार्केट, तुमचे शेतकरी, देगलूरकडचे तुमचे सोयरे, मुदखेडचे दुकानदार, लातूरहून आमचं सगळं घर. तुम्ही म्हणाला होतात, गाव बोलवायचं. आलं. त्रेसष्ट किलोचं वरण मोठ्या पातेल्यांत उकळत होतं आणि वाढपी बादल्या घेऊन पळत होते. कुणीतरी माझ्या शेजारी म्हणालं, "डाळ लई चांगली हाय." मी भात कालवला.

ताई माझ्या पानासमोर येऊन उभी राहिली. हलक्या आवाजात विचारलं, "किती आलं?"

"पंचावन्न."

तिला चाळीस आणि शंभर दोन्ही माहीत होते. आपल्या भांडणात चहा ठेवून जाता जाता तिनं सगळं ऐकलं होतं. क्षणभर हिशोब केला तिनं. मग पदर तोंडाला लावला आणि वाढप्याच्या हातातली बादली स्वतः घेतली.

हरणाऱ्यानं जेवण घालायचं ठरलं होतं, दाजी. घातलंत. मी दोनदा वरण मागून घेतलं, आणि पान चाटूनपुसून उठलो.